खिडकीचा दिवस

[दृश्य: पांढरी भिंत. तिच्यावर पेन्सिलीने केलेल्या बारीक फुल्या. प्रत्येक फुलीशेजारी तारीख.]

या भिंतीवर ४१ फुल्या आहेत. मध्यंतरी घराला रंग द्यायचा निघाला, तेव्हा रंगाऱ्याला म्हटलं, एवढा तुकडा सोडून द्या. त्याने एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि काही न विचारता ब्रश दुसऱ्या भिंतीला लावला.

मी फोटो काढायला शिकत होते, त्या वर्षातल्या या फुल्या.

[दृश्य: टेबलावर कॅमेरा. शेजारी एक वही.]

कॅमेरा नवा होता आणि मला त्यातलं एकच बटण कळत होतं. मग ठरवलं, वर्षभर रोज एक फोटो काढायचा. चांगला जमलाच पाहिजे अशी अट नव्हती. अट एवढीच, की आजचा फोटो आजच काढायचा. लेन्स एकच, ५० मिलिमीटरची. तिला झूम नाही. एखादी गोष्ट जवळून हवी असेल तर चालत जायचं, आणि फ्रेममध्ये मावत नसेल तर भिंतीला पाठ टेकेपर्यंत मागे सरायचं.

पहिले बावीस दिवस मजेत गेले. फूल, मांजर, सूर्यास्त, पानावरचे थेंब, वळणाचा जिना, पुन्हा मांजर. नवशिक्याच्या पोतडीत जेवढे विषय असतात, तेवढे सगळे उरकले. तेविसाव्या दिवशी रात्री पावणेबारा वाजता मी दाराशी काढून ठेवलेल्या चपलांचा फोटो काढला. फ्लॅश मारून.

[दृश्य: चपलांचा फोटो.]

हाच तो. नीट पाहून घ्या, पुन्हा दाखवणार नाही.

पण मला विचाराल तर वर्ष सुरू झालं ते त्या रात्री. आधीचे बावीस फोटो मी काढलेले होते खरे, पण ते सगळे मी आधी कुठे ना कुठे पाहिलेले होते. फक्त मांजर आमचं होतं. पाहिलेलं संपलं, तेव्हा चपला उरल्या.

दुसऱ्या दिवशी वहीत लिहून ठेवलं: काहीच सुचलं नाही तर खिडकी. ही आमच्या खोलीतली पूर्वेची खिडकी. पांढरा पडदा, आणि खिडकीच्या कठड्यावर पाण्याने भरलेला काचेचा ग्लास. अशा दिवसाला मी ‘खिडकीचा दिवस’ म्हणायला लागले. सुरुवातीला त्यात थोडी शरम होती, गृहपाठ न करता शाळेत गेल्यासारखी. वर्षाच्या शेवटी मोजले, तर खिडकीचे दिवस ९७ भरले. आणि मला आज जे काही येतं, त्यातलं निम्म्याहून जास्त त्या ९७ दिवसांतलं आहे.

[दृश्य: पडद्याचे तीन फोटो, मळकट ते पांढरे.]

पहिला धडा पडद्याचा. डोळ्यांना पांढराशुभ्र दिसणारा पडदा फोटोत दर वेळी मळका यायचा. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक मुळात पडदा आणि मांजर यांत फरक करत नाही. समोरचं सगळं सरासरीने मध्यम करडं आहे, म्हणजे अंगावर पडलेल्या उजेडापैकी साधारण १८ टक्के परत पाठवणारं आहे, असं तो गृहीत धरतो. पांढरा पडदा फ्रेमभर आला की त्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तो हात आखडता घेतो. पडदा काळवंडतो. काळं मांजर फ्रेमभर आलं की तो सढळ होतो आणि मांजर राखाडी पडतं. उपाय सोपा आहे: पडद्याला एक-दीड स्टॉप जास्त द्यायचा, मांजराला तेवढाच कमी. स्टॉप म्हणजे उजेडाची एक पायरी. वर चढलात की उजेड दुप्पट, खाली उतरलात की निम्मा.

हे मी आधी दोनदा वाचलेलं होतं. वाचलं तेव्हा कळल्यासारखंही वाटलं होतं. पण सहाव्यांदा पडदा मळका आला, आणि सातव्यांदा बोट आपसूक अधिकच्या चिन्हाकडे गेलं. रोज फोटो काढण्याचा मला दिसलेला फायदा हाच. चूक काल केलेली असते, अजून ताजी असते. महिन्यातून एकदा कॅमेरा उचलणाऱ्याला तीच चूक दर वेळी नवी वाटते.

[दृश्य: ग्लास कठड्यावर. मग तोच ग्लास खोलीतल्या टेबलावर, दिव्याखाली.]

दुसरा धडा ग्लासचा. एका संध्याकाळी तो कठड्यावरून उचलून आत टेबलावर ठेवला, दिवा लावला आणि फोटो घेतला. हलला. पुन्हा घेतला. पुन्हा हलला. मला वाटलं, हात कापतोय. हात ठीक होता. भर उन्हात साधारण १ लाख लक्स उजेड असतो आणि घरातल्या दिव्याखाली शे-दोनशे. म्हणजे नऊ-दहा पायऱ्यांचा फरक. जो फोटो उन्हात सेकंदाच्या ५००व्या भागात मिळतो, त्याच मापांवर दिव्याखाली त्याला जवळजवळ एक सेकंद लागतो. पूर्ण सेकंदभर हात कोणाचाच स्थिर राहत नाही. जुना ठोकताळा असा, की ५० मिलिमीटरची लेन्स हातात धरली असेल तर १/५० सेकंदापेक्षा हळू जाऊ नये. मग भिंग जास्त उघडा, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, वाढवा आणि फोटोत येतील ते दाणे सोसा, नाहीतर कॅमेरा पुस्तकांच्या चळतीवर ठेवा. मी पुस्तकं निवडली.

यात डोळ्याची लबाडी आहे. बाहेरून आत आलं की तो गुपचूप जुळवून घेतो आणि आपल्याला पत्ता लागू देत नाही. उजेड किती आहे हे मी जन्मभर पाहिलंच नव्हतं. फक्त ‘दिसतंय’ किंवा ‘दिसत नाही’ एवढंच पाहत होते.

[दृश्य: धुकट काच. बाहेर अंधुक झाड.]

एकाच खिडकीपाशी थांबणं मला कमीपणाचं वाटायचं, ते योसेफ सुदेकची ओळख होईपर्यंत. प्रागचा हा छायाचित्रकार. पहिल्या महायुद्धात त्याने उजवा हात गमावला होता आणि मोठे, अवजड कॅमेरे तो एका हाताने हाताळायचा. १९४०मध्ये, शहर जर्मनांच्या ताब्यात असताना, त्याने आपल्या स्टुडिओच्या खिडकीचे फोटो काढायला सुरुवात केली आणि १९५४पर्यंत तो ते काढत राहिला. काचेवर साठलेली वाफ, ओघळ, पलीकडे एक वाकडं झाड. चौदा वर्षं. मी ९७ दिवसांचं कौतुक सांगत होते.

[दृश्य: भिंतीवर सकाळचा कवडसा हळूहळू सरकतो.]

पाचव्या की सहाव्या खिडकीच्या दिवशी मी पडदा, ग्लास सगळं सोडून समोरच्या भिंतीकडे वळले. तिथे कवडसा पडला होता.

कवडसा हा शब्द आपण किती सहज वापरतो. तिरीप वेगळी, कवडसा वेगळा. सकाळी ऊन कोवळं असतं, दुपारी ते रखरखतं, संध्याकाळी उन्हं कलतात. ज्याला छायाचित्रकार मऊ प्रकाश, कडक प्रकाश, बाजूचा प्रकाश म्हणतात, ते सगळं आपल्या रोजच्या बोलण्यात आधीपासून आहे. माझ्या कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तिकेत यातला एकही शब्द नव्हता, म्हणून मी वहीत पायऱ्यांच्या आकड्यांसोबत हेही लिहू लागले: ‘कोवळं, एफ ४, १/२५०.’ ‘कलतं, एफ २.८, १/१२५.’ एफचा आकडा भिंग किती उघडं ते सांगतो, लहान म्हणजे जास्त उघडं. दुसरा आकडा सेकंदाचा भाग. दोन महिन्यांत असं झालं, की ऊन पाहिलं की आकडा सुचायचा.

झाडाखाली पडणारे कवडसे तर कधी नीट पाहा. पानांमधल्या फटी वेड्यावाकड्या असतात, पण जमिनीवरचे ठिपके गोल. कारण त्यातला प्रत्येक ठिपका म्हणजे सूर्याची प्रतिमा आहे. बारीक फट भिंगाचं काम करते. खंडग्रास सूर्यग्रहणात हेच ठिपके चंद्रकोरीसारखे होतात. डोक्यावर शेकडो कॅमेरे टांगलेले, आणि मी सावलीसाठी झाडाखाली बसत होते.

[दृश्य: जमिनीवर मांडलेले ९० छोटे प्रिंट.]

तीन महिने झाल्यावर सगळे फोटो छोट्या आकारात छापून जमिनीवर मांडले. एकेक पाहताना जे दिसत नव्हतं, ते उभं राहून पाहताना लगेच दिसलं. पहिलं म्हणजे, जवळपास प्रत्येक फोटोत वस्तू अगदी मधोमध, ओळखपत्रावरच्या चेहऱ्यासारखी. दुसरं जरा लागलं. ९० फोटोंत माणूस एकही नव्हता. एक हात होता, तो माझाच.

मी माणसांना टाळत होते. फुलाला विचारावं लागत नाही. मांजर नाराज झालं तरी बोलून दाखवत नाही.

म्हणून आईला विचारलं. ती म्हणाली, “अगं थांब, केस तरी विंचरू दे.” केस विंचरून आली आणि ‘फोटोचा चेहरा’ करून बसली. मी हातभर अंतरावरून काढला. फोटोत नाक मोठं, कान मागे पळालेले. आईने पाहिला आणि म्हणाली, “मी अशी दिसते?” दोष लेन्सचा नव्हता, अंतराचा होता. नाक आणि कान यांच्यात जेमतेम अर्ध्या वितीचं अंतर, पण कॅमेरा हातभरावर असला की तेवढंही खूप होतं. दोन पावलं मागे गेलं की ते उरत नाही. फोनवर अगदी जवळून काढलेले चेहरे बेढब का येतात, याचं उत्तर हेच.

[दृश्य: आईचा फोटो. सुईत दोरा ओवताना.]

मी मागे सरकून मापं जुळवत बसले. तोवर आई कंटाळली आणि तिने शिवणाचा डबा काढला. खुर्ची उचलून स्वतःच खिडकीशी तिरकी ठेवली. मी म्हटलं, “तिथेच का बसलीस?” तर म्हणाली, “इथे नाही बसले तर सुईचं नेढं कुठे दिसतं गं मला?”

खिडकीचा बाजूचा उजेड चेहऱ्याला उठाव देतो, हे शिकायला मला तीन महिने लागले होते. ती रोज तिथेच बसून शिवत होती. मग तिच्या हातांचे, चष्म्याचे, मानेचे मिळून अकरा फोटो झाले आणि वर्षातला माझा सगळ्यात आवडता फोटो त्यातलाच आहे. त्यात केस पुन्हा विस्कटलेले आहेत.

रोजचा फोटो लोकांना दाखवायचा का? मी दोन महिने दाखवला. मग लक्षात आलं, की संध्याकाळी किती जणांना आवडेल याचा हिशेब मी सकाळीच करते आहे, आणि त्या हिशेबात सूर्यास्त दर वेळी जिंकतो. बंद केलं. तुमचं तुम्ही ठरवा.

[दृश्य: वहीचं पान. १९३ आकड्यापुढे काहीच नाही.]

१९३वा दिवस कोरा आहे. ताप होता, औषध घेऊन झोपले, उठले तेव्हा तारीख बदललेली होती. कॅमेऱ्याचं घड्याळ एक दिवस मागे फिरवायचं आणि ग्लासचा फोटो काढायचा, एवढंच काम. फाइलमध्ये तारीख उमटते ती कॅमेऱ्याच्या घड्याळाची, त्यामुळे कुणाला कळलंही नसतं. अर्धा तास मी खरंच तो विचार करत बसले होते.

न्यूयॉर्कमधल्या जेमी लिव्हिंगस्टन याने ३१ मार्च १९७९ला रोज एक पोलरॉइड, म्हणजे काढल्या काढल्या कॅमेऱ्यातून छापून बाहेर येणारा फोटो, काढायला सुरुवात केली. एका दिवसाला एकच, जमला नाही म्हणून दुसरा नाही. मित्र, जेवणाची टेबलं, रस्ते, आणि पुढे स्वतःचं आजारपण. २५ ऑक्टोबर १९९७ला, आपल्या ४१व्या वाढदिवशी तो कर्करोगाने गेला, आणि त्या दिवसाचाही फोटो आहे. मागे राहिलेले फोटो ६,६९७. त्या दोन तारखांमधले दिवस मी मोजले, तर ६,७८४ होतात. ८७ दिवस नाहीत. इतक्या वर्षांच्या त्या रांगेत ही पोकळी कुणाला टोचत नाही.

मी घड्याळाला हात लावला नाही. १९३ कोरा ठेवला आणि १९४ला औषधाच्या पाकिटाचा फोटो काढला. बरा आलाय.

[दृश्य: पुन्हा भिंत. फुल्या जोडत जाणारी बारीक रेघ.]

आता या फुल्या. कवडशाचा फोटो काढताना दिसलं, की सकाळी बरोबर ८ वाजून १० मिनिटांनी त्याचा वरचा कोपरा गेल्या आठवड्याच्या जागी नाही. पेन्सिलीने फुली केली. पुढच्या रविवारी त्याच वेळेला दुसरी. ढगाळ रविवार सुटले. फुल्या आधी एका बाजूला गेल्या, मग वळल्या, आणि काही महिन्यांनी आपलीच वाट ओलांडून परत येऊ लागल्या. भिंतीवर तिरका, ओढलेला, इंग्रजी आठासारखा आकार तयार झाला. पृथ्वीचा आस २३.४ अंशांनी कललेला आहे आणि तिची कक्षा पूर्ण गोल नाही, या दोन्हींचा मिळून हा आकार. डेनिस डि चिको या अमेरिकी छायाचित्रकाराने १९७८-७९मध्ये कॅमेरा वर्षभर जागचा न हलवता, एकाच फिल्मवर सूर्य पुन्हा पुन्हा टिपून तो आकार आकाशातच पकडला होता. माझ्याकडे भिंत होती.

पहिल्या फुलीला वर्ष भरलं तो रविवार. आकाश स्वच्छ. पुस्तकांच्या चळतीवर कॅमेरा लावून ठेवला, पडदा बाजूला केला, पेन्सिल घेऊन भिंतीशी गेले. कवडशाचा कोपरा पहिल्या फुलीजवळ आला होता, पेन्सिलीच्या टोकाएवढा चुकवून. खूण केली आणि फोटो घ्यायला मागे वळले, तर कवडसा भिंतीवर नव्हताच. तो माझ्या खांद्यावर होता. मी बाजूला झाले.

[दृश्य: भिंतीवर कवडसा. आवाज नाही.]