महिन्याभरात हरवलेली आठवण

श्रोतेहो, नमस्कार.

"वय झालंय, विसरायचंच," असं आपण किती सहज म्हणून जातो! अल्झायमरमध्ये स्मृती वर्षानुवर्षं हळूहळू झिजते. पण गेल्या महिन्यापर्यंत बँकेचे सगळे हिशेब स्वतः बघणारे आजोबा आज घरातल्या घरात न्हाणीघर शोधत फिरत असतील, तर ते वयावर ढकलू नका.

एका कारणाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण ते हमखास नजरेतून सुटतं. एलजीआय-१ नावाच्या प्रथिनाविरुद्ध शरीरच अँटीबॉडी तयार करतं आणि मेंदूच्या कामात बिघाड होतो. बोलता बोलता चेहऱ्याची एक बाजू आखडते, त्याच बाजूचा हात झटका देतो आणि दोन-तीन सेकंदांत सगळं पूर्ववत. दिवसातून कितीतरी वेळा. हातातला कप निसटतो, घरचे म्हणतात, हात कापतो हल्ली. रक्तात सोडियम कमी निघतं, त्याच्याही गोळ्या सुरू होतात. या दोन गोष्टी एकत्र जोडून कुणी बघतच नाही! आणि इथे तर उपचार आहेत. स्टेरॉइड, इम्युनोग्लोब्युलिन वेळेवर सुरू झालं, तर बरेच रुग्ण खूप सुधारतात. सुरुवातीचा एमआरआय कधीकधी नॉर्मल येतो. तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका.

दुसरं कारण डोक्याला लागलेला मार. तोही किरकोळ, घरात कुणाला आठवतही नाही असा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर धोका वाढतो. कवटीच्या आत रक्त हळूहळू साठतं आणि काही आठवड्यांनी माणूस सुस्त, गोंधळलेला दिसू लागतो. सीटी स्कॅनमध्ये ते बहुधा दिसतं, शस्त्रक्रियेने काढताही येतं.

बी-१२ची कमतरता, थायरॉइड, जुना सिफिलिस, झोपेच्या किंवा ॲलर्जीच्या गोळ्या, हेही तपासायला हवं.

क्रॉयत्झफेल्ट-याकोब हा मेंदूचा आजार मात्र निष्ठुर आहे. वर्षाला दहा लाखांत एक-दोघांना होतो, अंग दचकल्यासारखं उडतं आणि बहुतेक रुग्ण वर्षभरात जातात. त्यावर औषध नाही. म्हणूनच त्याचं नाव घेण्याआधी बरे होणारे आजार एकेक करून तपासायचे असतात.

डॉक्टरांकडे जाताना शेवटचं सगळं नीट कधी होतं, ती तारीख लिहून न्या. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घ्या. आणि तो हाताचा झटका दवाखान्यात येईलच असं नाही, तेव्हा घरीच मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढून ठेवा.