निर्णय सिस्टरचा, सही कोणाची?

श्रोतेहो, नमस्कार.

आजच्या भाषणाचा विषय आहे नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे नर्सिंगच्या पदवीनंतर आणखी शिक्षण घेऊन रुग्णाची तपासणी, निदान, ठरावीक औषधोपचार आणि त्याचा पाठपुरावा स्वतःच्या जबाबदारीवर करू शकणारी परिचारिका. इंदूरमध्ये रामबागेपासून सुदामानगरपर्यंत ज्यांच्या घरात किंवा नात्यात एकही सिस्टर नाही असे मराठी श्रोते थोडेच असतील, त्यामुळे विषयाची ओळख करून देण्यात मी फार वेळ घालवणार नाही. नर्सिंग शिकवण्यात नोकरी गेली असल्याने माझे मत अगदी तटस्थ नाही, हे मात्र आधीच सांगून ठेवते.

मोठ्या रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात रात्री दोन वाजता एखाद्या रुग्णाला ताप चढला, तर ड्यूटीवरची सिस्टर आधी नाडी, रक्तदाब आणि श्वासाची गती पाहते, सलाईन लावलेला हात सुजला आहे का ते बघते, आधीचे डोस कधी दिले गेले ते केसपेपरवर तपासते आणि मग डॉक्टरांना फोन लावते. फोनवर ती जे सांगते त्यातच पुढे काय करायचे हे बहुतेक वेळा आलेले असते. पलीकडून "हो, द्या" एवढेच उत्तर येते, सिस्टर केसपेपरवर ‘फोनवरून आदेश’ असे लिहून वेळ टाकते, आणि सकाळच्या राऊंडला डॉक्टर त्याखाली सही करतात. ही पद्धत वाईट नाही, कारण तिच्यामुळे रात्री रुग्ण ताटकळत राहत नाही. तरीही निर्णय एकीचा आणि सही दुसऱ्याची अशी ही विभागणी आहे, आणि काही बिघडले की दोघांनाही एकमेकांकडे बोट दाखवता येते. नर्स प्रॅक्टिशनरचे पद आणण्यामागचा खरा लाभ मला इथे दिसतो. सिस्टरला नवे काम देण्यापेक्षा ती आज करीतच असलेल्या कामाचा अधिकार आणि त्याची जबाबदारी एकाच नावावर लिहिणे, आणि हे पद भरण्याआधी ते कायद्यात लिहिणे, हे अधिक महत्त्वाचे आहे.

या पदाची सुरुवात अमेरिकेत 1965 मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात झाली. लोरेटा फोर्ड या सार्वजनिक आरोग्य क्षेत्रातील परिचारिका आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ, अशा दोघांनी मिळून लहान मुलांच्या आरोग्यसेवेसाठी परिचारिकांचा अभ्यासक्रम आखला. आज तिथे या पदाचे नियम प्रत्येक राज्य स्वतः ठरवते. निम्म्याहून अधिक राज्यांत नर्स प्रॅक्टिशनर स्वतंत्रपणे तपासते व औषधे लिहून देते, तर उरलेल्या राज्यांत तिला डॉक्टरांशी लेखी करार करावा लागतो किंवा त्यांच्या देखरेखीखाली राहावे लागते. ब्रिटनमध्ये ठरावीक प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकांना 2006 पासून आपल्या क्षमतेच्या मर्यादेत जवळजवळ सर्व औषधे लिहिण्याची मुभा आहे. प्राथमिक उपचारांत डॉक्टरांच्या जागी परिचारिका असल्या तर काय होते, याविषयीच्या 18 चाचण्यांचा, वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन संस्थेने 2018 मध्ये आढावा घेतला. रुग्णांची प्रकृती निदान तितकीच चांगली राहते आणि रुग्णांचे समाधान थोडे अधिक असते, मात्र प्रत्येक तपासणीला वेळ जास्त लागतो, असा त्याचा साधारण निष्कर्ष होता. या चाचण्या, एक वगळता, श्रीमंत देशांतल्या होत्या. त्यामुळे तो निष्कर्ष जसाच्या तसा आपल्याकडच्या झाबुआ किंवा अलीराजपूरसारख्या गरीब जिल्ह्यांना लावू नये, असे मला वाटते.

आपल्या देशात हा विचार नवा नाही. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात नर्स प्रॅक्टिशनरचा उल्लेख आहे, भारतीय परिचर्या परिषदेने अतिदक्षता विभागासाठी दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम तयार केला, आणि 2018 च्या अखेरीस केंद्र सरकारने प्रसूतिसेवेसाठी मार्गदर्शक सूचना काढून अठरा महिन्यांच्या प्रशिक्षणाची वाट मोकळी केली. त्याच वर्षी आयुष्मान भारत योजनेखाली उपकेंद्रांवर सामुदायिक आरोग्य अधिकारी नेमण्यास सुरुवात झाली, आणि या जागांवर मोठ्या संख्येने नर्सिंगचे शिक्षण घेतलेल्या मुलीच आल्या. म्हणजे शिक्षण आले, पदेही आली. औषध लिहिण्याचा अधिकार मात्र मागेच राहिला.

हे अडते कुठे, ते रक्तदाबाच्या उदाहरणावरून समजते. इंदूर जिल्ह्यातल्या देपालपूरकडच्या एखाद्या उपकेंद्रावर पन्नाशीचा शेतकरी येतो, त्याचा रक्तदाब 170 वर 100 भरतो, पाच मिनिटे बसवून पुन्हा मोजला तरी तेवढाच राहतो. यासाठीचा सरकारी उपचारक्रम अगदी सुटसुटीत आहे: आधी ॲम्लोडिपिन 5 मिलिग्रॅम, महिन्याने पाहायचे, रक्तदाब ताब्यात आला नसेल तर त्याला टेल्मिसार्टन 40 मिलिग्रॅमची जोड द्यायची. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात हा क्रम ज्या पहिल्या पाच राज्यांत राबवला गेला, त्यांत मध्य प्रदेश होता. उपकेंद्रावरच्या सिस्टरला तो तोंडपाठ असतो. पण औषध व प्रसाधन कायद्याखालील नियमांनुसार ‘एच’ अनुसूचीतील औषध नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाच्या चिठ्ठीवरच मिळते, आणि त्या व्याख्येत परिचारिका बसत नाही. म्हणून ती ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सल्लासेवेवर दूरच्या डॉक्टरांना जोडते, रांगेत थांबते, तिने आधीच ठरवलेल्या गोळीची चिठ्ठी पडद्यावर येते आणि मग ती गोळ्या मोजून देते. नेट चालू असले तर सारे ठीक; नसले, तर शेतकरी पुढच्या बाजाराच्या दिवशी येतो किंवा येतच नाही.

कायद्याने ही अडचण पाहिलीच नाही असे नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या 2019 च्या कायद्यातील कलम 32 मध्ये सामुदायिक आरोग्य सेवादात्याला, म्हणजे डॉक्टर नसलेल्या आरोग्य कर्मचाऱ्याला, उपचार करण्याचा मर्यादित परवाना देण्याची तरतूद आहे. असे परवाने नोंदणीकृत डॉक्टरांच्या संख्येच्या एक तृतीयांशाहून अधिक असू नयेत, प्राथमिक व प्रतिबंधक उपचारांत ठरावीक औषधे स्वतंत्रपणे देता यावीत आणि त्यापलीकडे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच, असे ते कलम सांगते. दुसरीकडे 2023 च्या राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोग कायद्याने 1947 चा जुना कायदा बाजूला सारून राष्ट्रीय नोंदवही आणि नीतिमत्ता व नोंदणीसाठी वेगळे मंडळ यांची सोय केली. मला खटकते ते असे की, परिचारिकेची नोंदणी एका आयोगाकडे आणि तिचा औषध देण्याचा परवाना दुसऱ्याकडे राहिला, तर चुकीच्या डोसाबद्दल रुग्णाने तक्रार कोणाकडे करायची? दोन आयोगांनी मिळून एकच नियमावली काढली नाही, तर केसपेपरवरची ती फोनची सही मोठ्या प्रमाणावर पुन्हा अवतरेल.

राज्य सरकारने हे आपल्या पातळीवर उरकावे, असे सुचवणाऱ्यांनी आसामकडे पाहावे. तिथल्या सरकारने 2004 मध्ये ग्रामीण आरोग्यासाठी पदविकाधारक तयार करण्याचा कायदा केला, गुवाहाटी उच्च न्यायालयाने 2014 मध्ये तो रद्द ठरवला आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये तो निर्णय कायम केला, कारण वैद्यकीय शिक्षणाचा दर्जा ठरवणे हा केंद्राचा विषय आहे. आपल्या शेजारच्या छत्तीसगडने 2001 मध्ये तीन वर्षांचा असाच अभ्यासक्रम काढला होता; पदविकेच्या नावावरून वाद झाले, नाव बदलत गेले आणि काही वर्षांत प्रवेश बंद झाले. गंमत म्हणजे त्यातून बाहेर पडलेले लोक पुढे प्राथमिक आरोग्य केंद्रांत ग्रामीण वैद्यकीय सहायक म्हणून लागले, आणि 2010 च्या एका अभ्यासात साध्या आजारांच्या बाबतीत त्यांची कुवत एमबीबीएस डॉक्टरांच्या बरोबरीची आढळली. काम चांगले होते, कायदेशीर पाया कच्चा होता.

आता आपल्या राज्यातल्या एका नाजूक गोष्टीकडे येते. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या आदेशावरून केंद्रीय अन्वेषण विभागाने इथल्या नर्सिंग महाविद्यालयांची तपासणी केली, 169 महाविद्यालयांना योग्य ठरवले, आणि मे 2024 मध्ये त्या तपासणीतल्याच काही अधिकाऱ्यांना लाचेच्या प्रकरणात अटक झाल्यावर न्यायालयाने योग्य ठरलेल्यांचीही फेरतपासणी करायला सांगितले. या काळात हजारो विद्यार्थिनींच्या परीक्षा रखडल्या. त्यांत प्रामाणिकपणे शिकणाऱ्या मुलीच अधिक होत्या, हे विसरून चालणार नाही. पण ज्या राज्यात महाविद्यालयाला रुग्णालय जोडलेले आहे की नाही हाच वादाचा मुद्दा होतो, तिथे केवळ पदवीच्या कागदावर औषध लिहिण्याचा अधिकार देऊ नये. प्रवेशासाठी खाटांजवळच्या कामाचा ठरावीक अनुभव, महाविद्यालयाबाहेरच्या परीक्षकांकडून रुग्णासमोर घेतलेली परीक्षा, औषधांची छापील यादी आणि दर पाच वर्षांनी नूतनीकरण, एवढे तरी हवेच. ही यादी सुरुवातीला लहान असली तरी चालेल. प्रतिजैविके तर मी पहिल्या टप्प्यात अगदी मोजकीच ठेवीन.

डॉक्टरांच्या संघटनांचा आक्षेप असा असतो की यामुळे खेड्यांना दुय्यम दर्जाचे उपचार मिळतील. हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही, विशेषतः छातीत दुखणे, तान्ह्या बाळाचा ताप किंवा गरोदरपणातील रक्तस्राव अशा बाबतींत, जिथे वेळेवर पुढे पाठवणे हाच उपचार असतो. त्यामुळे कोणत्या लक्षणांवर रुग्णाला स्वतःकडे ठेवायचे नाही, हे औषधांच्या यादीइतक्याच काटेकोरपणे नियमात लिहिले पाहिजे, आणि धार किंवा बडवानीहून पाठवलेल्या रुग्णाला इंदूरच्या मोठ्या सरकारी एम. वाय. रुग्णालयात नेण्यासाठी गाडीही मिळाली पाहिजे. गाडीविना नियम कागदावरच राहतो.

परिचारिकांच्या बाजूने एक तक्रार मात्र कोणी फारशी मांडत नाही. राज्याच्या सेवाभरती नियमांत या पदाची वेगळी श्रेणी नसेल, तर दोन वर्षे जादा शिकून आलेली सिस्टर त्याच वॉर्डात, त्याच पगारावर, त्याच बदलीच्या यादीत परत येते. अतिदक्षतेचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या माझ्या काही विद्यार्थिनींना परत आल्यावर पहिली ड्यूटी मिळाली ती बाह्यरुग्ण विभागात केसपेपर काढून देण्याची, आणि त्यांतल्या दोघी आता आखाती देशांत नोकरी करतात.

नमस्कार.