'वाचनाची आवड' सोडून बोलू या

(एका साहित्यसभेतल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. आत्ता माझी ओळख करून देताना निवेदिका म्हणाल्या, "सरांना लहानपणापासूनच वाचनाची आवड होती." त्यांचा काही दोष नाही, हातातल्या कागदावर होतं ते त्यांनी वाचलं. पण हे वाक्य मी कधीच कुणाला लिहून दिलेलं नाही आणि तरी ते कित्येक वर्षं माझ्या मानगुटीवर बसलेलं आहे. तेव्हा विषयाला हात घालण्याआधी एवढी तक्रार ऐकून घ्या. विषय कार्यक्रमपत्रिकेत छापलाय, 'लेखकाची जडणघडण : छंद, शिक्षण आणि पोट'. तो कुठे पळून जात नाही.

माझा छंद होता रेल्वेचं वेळापत्रक. हसा, हसा, घरचेही हसायचे. पातळ पिवळट कागद, मुंगीएवढे आकडे. ते वाचून झालं की मी वहीत स्वतःची लाईन आखायचो. स्टेशनांना नावं द्यायची, गाड्या सोडायच्या. लाईन मात्र एकेरी, दुहेरीत काही मजा नाही. एकेरी लाईनवर समोरासमोरून दोन गाड्या येत असल्या की एकीला स्टेशनात बाजूच्या रुळावर घेऊन थांबवावं लागतं. त्याला क्रॉसिंग म्हणतात. आता थांबायचं कुणी? मेल पुढे गेली पाहिजे, म्हणजे पॅसेंजर थांबणार. पण पॅसेंजर बावीस मिनिटं थांबली की जंक्शनवरची पुढची गाडी चुकते. ती गाडी रोखून धरावी, तर भलत्याच स्टेशनावर एक मालगाडी अडकते, जिचा यात काही संबंध नाही. हा गुंता सोडवत मी रात्री जागायचो. खोडून खोडून वहीच्या पानाला भोक पडायचं.

पुढे कथा लिहायला बसलो तेव्हा लक्षात आलं, हे आपल्या हातचं काम आहे. दोन माणसं एकमेकांसमोर यायची आहेत. एकाला थांबवायला हवं. थांबण्याला पटेल असं कारण हवं. आणि त्या थांबण्याचा भुर्दंड तिसऱ्याच कुणावर तरी पडायला हवा. हे मला कुठल्या कथालेखन शिबिरात शिकवलेलं नाही. शिबिरात प्रमाणपत्र देतात.

तर हे सगळं मी पहिल्या पुस्तकाच्या वेळी परिचयात लिहून पाठवलं. संपादकांचा फोन आला. "अहो, हे जरा गमतीशीर होतंय. वाचकांचा गोंधळ होईल. आपण 'वाचनाची आवड' करू या." मी म्हटलं, "ती तर सगळ्याच लेखकांना असते." ते म्हणाले, "म्हणूनच." या 'म्हणूनच'ला माझ्याकडे आजतागायत उत्तर नाही. मग त्या मलपृष्ठावरून दुसऱ्या मलपृष्ठावर, तिथून निमंत्रणपत्रिकांवर. एका ठिकाणी तर 'आईच्या ओव्या ऐकत वाढले' असंही छापून आलं. माझी आई गणित शिकवायची. आमच्याकडे पाढे होते.

माझं म्हणणं असं आहे की लेखकाला घडवणारा छंद बऱ्याचदा लेखनाचा नसतोच. तो दुसराच असतो, त्याचे स्वतःचे कडक नियम असतात, आणि मुख्य म्हणजे त्यात कुणी शाबासकी देत नाही. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहिणारा टॉल्किन घ्या. त्याच्या मावसबहिणींची एक भाषा होती, शब्दांच्या जागी प्राण्यांची नावं वापरायची. तिथून त्याला भाषा रचायचा नाद लागला. ऑक्सफर्डला गेला तो ग्रीक-लॅटिन शिकायला, आणि 1913 मध्ये ते सोडून जुन्या इंग्रजीकडे वळला. पहिल्या महायुद्धानंतर नोकरी कुठली, तर ऑक्सफर्डच्या महाकोशात डब्ल्यूने सुरू होणाऱ्या शब्दांच्या व्युत्पत्त्या लावायच्या! 1931 मध्ये त्याने या भाषा रचण्याच्या छंदावर व्याख्यान दिलं, त्यात त्याला चक्क गुप्त व्यसन म्हटलं. लोक समजतात की कथेसाठी त्याने भाषा बनवल्या. तो स्वतः उलट सांगायचा : भाषा आधी होत्या, त्यांना जग हवं म्हणून कथा आल्या.

'लोलिता' लिहिणारा नाबोकोव्ह तर लहानपणापासून फुलपाखरांमागे. 1940 च्या दशकात हार्वर्डच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात बसून हा माणूस निळ्या फुलपाखरांचे बारीक बारीक अवयव सूक्ष्मदर्शकाखाली मोजत होता. 1945 मध्ये त्याने मांडलं की अमेरिकेतली ही फुलपाखरं आशियातून बेरिंग सामुद्रधुनीच्या वाटेने टप्प्याटप्प्याने आली. 2011 मध्ये डीएनए तपासणीत ते खरं निघालं. तोवर त्याला जाऊन तीन दशकं उलटली होती. त्याची एखादी खोली वाचताना पडद्याच्या शिवणीपर्यंत का दिसते, याचं उत्तर समीक्षकांनी जरा त्या सूक्ष्मदर्शकाखाली शोधावं. समीक्षक कुणी आलेत का? नाही ना? मग बोलतो मोकळेपणाने.

...चिठ्ठी आली. दहा मिनिटं. म्हणजे सात. ठीक आहे, भराभर जाऊ.

शिक्षण. ते साहित्याचंच हवं असं नाही. एखादा विषय तळापर्यंत ठाऊक असावा. जयंत नारळीकरांच्या लहानपणी बनारसच्या घरात फळ्यावर मोरूमामा 'जेव्हीएन'ला आव्हान म्हणून गणित लिहून ठेवायचे, आणि ते सुटेपर्यंत पुसायचे नाहीत. पुढे केंब्रिज, तिथे खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइलसारखा गुरू, पद्मभूषण, सगळं झालं. आणि 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला कथा पाठवताना नाव काय घातलं? नारायण विनायक जगताप. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून! नाव बघून कुणी बक्षीस देऊ नये म्हणून. बक्षीस मिळालंच. त्या कथेच्या केंद्रस्थानी कृष्णविवर आहे, आणि ते शोभेला ठेवलेलं नाही. गोष्ट त्याच्याच नियमांनी पुढे जाते.

आता माझ्याच सिद्धान्ताला टाचणी लावतो. छंद परवडावा लागतो. नाबोकोव्हचं घर गडगंज होतं. 'पीटर रॅबिट' या सशाच्या गोष्टी लिहिणारी बीट्रिक्स पॉटर श्रीमंत घरातली, अळंब्यांवर तिने खरं संशोधन केलं, पण 1897 मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीत तिचा निबंध दुसऱ्याने मांडला, कारण बायकांना सभेत प्रवेश नव्हता. मग ती सशांकडे वळली. आणि आपले अण्णा भाऊ साठे? दीड दिवसाची शाळा. त्यांना कुणी विचारलं असतं का, बाळा, तुझा छंद काय? पण त्यांच्या नात्यातल्या बापू साठ्यांचा तमाशा होता, त्यात ते होते. फडात समोरचा माणूस कंटाळला तर उठून जातो, हा नियम माझ्या क्रॉसिंगपेक्षा कडक आहे. अण्णा भाऊंच्या कथेत एक वाक्य ढिलं पडत नाही, ते यामुळे, असं माझं मत. यावर वेगळं व्याख्यान द्यायला तयार आहे.

पोट. मराठीत कथासंग्रहाची आवृत्ती हजाराच्या आतबाहेर, त्यावर मानधन, तेही मागितल्यावर. हिशेब तुम्हीच करा. मी हिशेबतपासनीस झालो. लोक म्हणतात, लेखक असून हे रुक्ष काम कसं केलंत? अहो, एका फिरत्या विक्रेत्याच्या प्रवासखर्चाच्या पावत्या तारखेने लावून बघा. दर गुरुवारी तो एकाच गावात मुक्कामाला, आणि त्या गावात कंपनीचं एकही गिऱ्हाईक नाही. मी तपासणीत शेरा मारला, रक्कम वसूल झाली, आणि घरी येऊन कथा लिहायला घेतली. ती छापून आली तेव्हा मलपृष्ठावर माझ्याबद्दल काय होतं, ते सांगत नाही. वेळ संपली. प्रश्न असतील तर खाली भेटू.