बॅटन रूजचा वारसदार

श्रोतेहो, नमस्कार.

कलावंताच्या घरी जन्मलेल्या मुलाला वारसा मिळतो, असे आपण सहज म्हणतो. पण त्या वारशाचे त्याने काय करावे, हे ठरवायला घराबाहेरचीच मंडळी पुढे सरसावतात. ब्लूज या कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या संगीतपरंपरेतील गायक आणि गिटारवादक क्रिस थॉमस किंग यांच्या वाट्याला हा अनुभव जितका आला, तितका क्वचितच कोणाच्या वाट्याला आला असेल. लोकसंगीताच्या अभ्यासकांनी त्यांना जुन्या परंपरेचा शेवटचा वारसदार म्हणून गौरवले. त्यांनी ब्लूज आणि रॅप एकत्र आणले तेव्हा त्यांची रेकॉर्ड कंपनी बिचकली. आणि जगभर त्यांचे नाव झाले ते 1930च्या दशकातील एका ब्लूज गायकाची भूमिका पडद्यावर केल्यामुळे. त्यांच्या या वाटचालीविषयी आज मी आपल्याशी बोलणार आहे.

सुरुवात त्यांच्या वडिलांपासून करायला हवी. लुइझियाना राज्याची राजधानी बॅटन रूज हे मिसिसिपी नदीकाठचे शहर तेलशुद्धीकरण आणि रसायनांच्या कारखान्यांसाठी ओळखले जाते. टॅबी थॉमस यांचा जन्म 1929 साली याच शहरात झाला. सैन्यातील नोकरीनंतर त्यांनी काही काळ सॅन फ्रान्सिस्कोत गाण्याचा प्रयत्न केला आणि मग ते गावी परतले. दिवसा कारखान्यात काम आणि रात्री गाणे, असा त्यांचा दिनक्रम वर्षानुवर्षे चालला. त्या काळी बॅटन रूजच्या कलावंतांना ध्वनिमुद्रणासाठी क्राउली या छोट्या गावी जे. डी. मिलर यांच्या स्टुडिओत जावे लागे, आणि तिथे तयार झालेल्या तबकड्या नॅशव्हिलची एक्सेलो ही कंपनी बाजारात आणत असे. स्लिम हार्पो, लाइटनिन स्लिम यांच्यासारख्या गायकांचा ‘स्वॅम्प ब्लूज’ नावाने ओळखला जाणारा बाज याच स्टुडिओत घडला. संथ, रेंगाळणारी लय, गिटारचा थरथरता सूर, हार्मोनिकाची हाक आणि या सगळ्यावर मुद्दाम चढवलेला प्रतिध्वनी ही त्याची ओळख होती. टॅबी थॉमस यांचे 1960च्या दशकाच्या सुरुवातीला गाजलेले ‘हूडू पार्टी’ हे गाणेही याच जोडीने, म्हणजे मिलर यांच्या स्टुडिओने आणि एक्सेलोने, श्रोत्यांपर्यंत पोहोचवले. ज्या मिलर यांनी कृष्णवर्णीय गायकांचे हे अमोल संगीत मुद्रित केले, त्यांनीच काही वर्षांनी वर्णभेदाचा पुरस्कार करणाऱ्या तबकड्याही काढून विकल्या. हे संगीत कोणत्या व्यवहारात आणि कोणत्या हवेत वाढले, याचा अंदाज यावा म्हणून हे सांगितले पाहिजे.

पुढे डिस्कोची लाट आली आणि ब्लूजला गिऱ्हाईक उरले नाही. तेव्हा 1980च्या सुमारास टॅबी थॉमस यांनी बॅटन रूजच्या नॉर्थ बुलेव्हार्ड रस्त्यावर स्वतःचाच क्लब उघडला. त्याचे नाव ‘टॅबीज ब्लूज बॉक्स अँड हेरिटेज हॉल’. क्लबच्या नावात त्यांनी वारसा हा शब्द घातला होता, आणि तो शोभेसाठी घातलेला नव्हता. शहरातील उतारवयाचे वादक तिथे वाजवत, तरुण पोरे त्यांच्या शेजारी उभी राहून शिकत, आणि चुकले तर तिथल्या तिथे त्यांना कळत असे. मुलगा क्रिस याच मंचावर, वडिलांच्या ताफ्यात गिटार वाजवत तयार झाला. आपल्याकडे गुरूच्या मागे तंबोरा धरून बसलेला शिष्य जे ऐकून ऐकून शिकतो, तसेच हे शिक्षण होते.

साहजिकच संशोधकांचे लक्ष या मुलाकडे गेले. पुस्तकातून किंवा तबकड्यांवरून ब्लूज शिकलेले गोरे तरुण तोवर पुष्कळ झाले होते. पण बापाकडून, मौखिक परंपरेने हे संगीत मिळालेला कृष्णवर्णीय तरुण ही दुर्मीळ गोष्ट होती. लोकसंगीताच्या ध्वनिमुद्रणासाठी नावाजलेल्या आर्हूली कंपनीने 1986 साली त्यांची पहिली तबकडी काढली. पण ज्या तरुणाच्या हाती वडिलांची गिटार होती, त्याच्या कानात जिमी हेंड्रिक्स, प्रिन्स आणि न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरून आलेले रॅपही घुमत होते. 1990च्या दशकाच्या आरंभी त्यांनी सॅम्पलर घेऊन, म्हणजे काही सेकंदांचा आवाज साठवून तो हवा तितका वेळ पुन्हा पुन्हा वाजवणारे यंत्र घेऊन, ब्लूज आणि रॅप यांचा मेळ घालणारा एक संपूर्ण अल्बम रचला. रॉक आणि सोल मिसळलेला ब्लूज त्यांच्या तेव्हाच्या रेकॉर्ड कंपनीला चालत होता. रॅप मात्र पचला नाही. किंग काही काळ युरोपात जाऊन राहिले, आणि ही दिशा अधिकच ठामपणे दाखवणारा ‘ट्वेंटी-फर्स्ट सेंच्युरी ब्लूज’ हा अल्बम त्या दशकाच्या मध्यावर प्रसिद्ध झाला.

या मिश्रणाला नाके मुरडणाऱ्यांचे म्हणणे असे की, यंत्राचा ठोका आणि गिटारची तार यांचे नाते जुळूच शकत नाही. मला हे म्हणणे पटत नाही, आणि त्याची कारणे संगीतातच आहेत. ब्लूजची नेहमीची बांधणी बारा मात्राखंडांची असते. गायक एक ओळ म्हणतो, तीच ओळ जवळजवळ तशीच पुन्हा म्हणतो, आणि तिसऱ्या ओळीत तिचे उत्तर देतो. प्रत्येक ओळीनंतर जी जागा मोकळी राहते, तिथे गिटार बोलते. गिटारचा हा तुकडा छोटा असतो आणि गाणे संपेपर्यंत तो आवर्तनासारखा फिरत राहतो. रॅपचा पायाही असाच फिरणाऱ्या तुकड्यावर उभा असतो. फरक इतकाच की तिथे तो बोटांऐवजी यंत्र फिरवते. शब्दांचे नाते तर याहून जवळचे आहे. यमकांत बांधलेल्या फुशारक्या, एकमेकांची खेचाखेच, लांबलचक कथाकथन ही कृष्णवर्णीय अमेरिकनांची जुनी मौखिक करमणूक 1929 सालच्या ब्लूजच्या तबकड्यांतही सापडते, 1959 साली गायक-गिटारवादक बो डिडली यांनी ती ताल धरून बोलून दाखवली, आणि रॅप करणाऱ्यांनी ती आपलीच मानली. मग बापाच्या घरातले हे दोन जिन्नस मुलाने एका ताटात वाढले, तर त्यात परके काय आहे?

आणखी एक गोष्ट टीकाकार विसरतात. टॅबी थॉमस यांचा ब्लूज तरी कुठे जुना होता? विजेवर चालणारी गिटार, स्टुडिओतला प्रतिध्वनी, ज्यूकबॉक्समध्ये, म्हणजे नाणे टाकून गाणे वाजवणाऱ्या यंत्रात, बसेल अशी तीन मिनिटांची तबकडी, हे सारे त्यांच्या तरुणपणीचे नवे तंत्र होते आणि ते त्यांनी बिनदिक्कत वापरले. मुलाने यंत्राला हात घातला तेव्हा तो बापाच्याच वाटेने चालला होता.

अर्थात या प्रयोगातले सगळेच साधले आहे, असे मी म्हणणार नाही. काही गाण्यांत ठोका इतका जड झाला आहे की गिटारला श्वास घ्यायला जागा राहत नाही, आणि त्या काळच्या यंत्राचे काही आवाज आज शिळे वाटतात. पण जिथे जमले आहे, तिथे ते फार खोल गेले आहे. मिसिसिपी राज्यातल्या चौरस्त्यावर मध्यरात्री सैतान भेटतो आणि आत्म्याच्या बदल्यात वादनाची विद्या देतो, ही ब्लूजमधली लाडकी दंतकथा. किंग यांनी आपल्या एका रॅप-ब्लूज गाण्याच्या शीर्षकात त्या चौरस्त्यावर सैतानाच्या जागी कू क्लक्स क्लॅन ही वर्णद्वेषी संघटना आणून उभी केली. पर्यटकांना सांगितली जाणारी गोष्ट एका फटक्यात इतिहासाच्या जमिनीवर आली.

आणि नेमक्या याच दंतकथेतील माणसाची भूमिका त्यांच्याकडे चालून आली. कोएन बंधू या अमेरिकन दिग्दर्शकांच्या 2000 सालच्या चित्रपटात 1937 सालचे मिसिसिपी आहे, आणि त्यातील टॉमी जॉन्सन हा गिटारवाला चौरस्त्यावर आत्मा विकून आलेला आहे. या नावाचा गायक खरोखर होऊन गेला. चौरस्त्याची गोष्टही आधी त्याच्याच नावावर होती, रॉबर्ट जॉन्सन या अधिक प्रसिद्ध ब्लूज गायकाला ती नंतर चिकटली. चित्रपटात किंग यांनी स्किप जेम्स या मिसिसिपीतील बेन्टोनिया गावच्या गायकाचे 1931 सालचे महामंदीवरील गाणे म्हटले आहे. स्किप जेम्स आपली गिटार अशी लावत की सहाही तारा मोकळ्या छेडल्या तरी मायनर कॉर्ड वाजावी. आपल्या भाषेत, न दाबलेल्या तारेतूनच कोमल गांधार ऐकू यावा. त्यावर त्यांचा उंच, पातळ, जवळजवळ अशरीरी वाटणारा आवाज. किंग यांनी त्या आवाजाची नक्कल केली नाही. त्यांनी ते गाणे आपल्या पट्टीत, दबलेल्या स्वरात, शेजारच्या माणसाशी बोलावे तसे म्हटले, आणि त्यामुळेच ते खरे वाटते. या चित्रपटाच्या गाण्यांच्या अल्बमला 2002 साली वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बमचे ग्रॅमी मिळाले आणि एकट्या अमेरिकेतच त्याच्या लाखो प्रती खपल्या.

एवढे यश मिळाल्यावर जुना पोशाख अंगावरून न उतरवण्याचा मोह कोणालाही झाला असता. विम वेंडर्स यांच्या 2003 सालच्या चित्रपटात किंग यांनी ब्लाइंड विली जॉन्सन या गायकाची भूमिका केलीही. पण त्याआधी, 2002 सालीच, त्यांनी स्वतःच्या कंपनीतर्फे ‘डर्टी साउथ हिप-हॉप ब्लूज’ हा अल्बम काढून आपण कुठे उभे आहोत ते स्पष्ट केले. ज्या श्रोत्यांना चित्रपटातला टॉमी हवा होता, त्यांच्यापुढे त्यांनी आपले आजचे गाणे ठेवले. हे धैर्य मला त्यांच्या कुठल्याही पुरस्कारापेक्षा मोठे वाटते.

दुसऱ्या पिढीतल्या कलावंतांपुढचा हा पेच मुंबईकरांनीही जवळून पाहिला आहे. वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत 2011 साली झालेल्या ब्लूज महोत्सवात शेमेकिया कोपलँड गायल्या होत्या; टेक्सास ब्लूजचे नामवंत गिटारवादक जॉनी कोपलँड यांच्या त्या कन्या. वडिलांची गिटार न उचलता त्यांनी आवाजावर भर दिला आणि आजच्या अमेरिकेतील प्रश्न गाण्यांत आणले. वाट वेगळी, पण वारसा वापरण्याची जिद्द तीच.

टॅबी थॉमस यांचा क्लब 2004 साली बंद झाला, आणि 2014च्या 1 जानेवारीला, पंच्याऐंशी वर्षे पूर्ण व्हायला चार दिवस उरले असताना, ते गेले. त्यानंतर 2021 साली किंग यांनी ब्लूजच्या इतिहासावर एक पुस्तक लिहिले. मिसिसिपीच्या कापसाच्या मळ्यांत, दुःखातून ब्लूज जन्मला, ही सर्वमान्य कथा ते नाकारतात. त्यांच्या मते हे संगीत न्यू ऑर्लिन्स या बहुभाषिक बंदरात, शिकलेल्या आणि शहरी कृष्णवर्णीय वादकांच्या हातून घडले, आणि दारिद्र्याची कथा बाहेरच्या अभ्यासकांनी आपल्या आवडीनुसार रंगवली. एका संगीताचे एकच जन्मगाव असते, हे मला मान्य होत नाही. मिसिसिपीच्या गायकांचे ऋण इतके मोठे आहे की ते पुसता येणार नाही. तरीही बारा मात्राखंडांच्या बांधणीचा छापील स्वररचनेतील एक अगदी आरंभीचा नमुना 1908 साली न्यू ऑर्लिन्समध्येच प्रसिद्ध झाला होता, आणि गिटारवर एकेका तारेने गाणारे वादन ज्यांनी रूढ केले ते लॉनी जॉन्सन त्याच शहराचे होते. किंग यांच्या म्हणण्यातला हा भाग अभ्यासकांना बाजूला सारता येणार नाही.