टायमिंग बेल्ट तुटला? आधी चावी काढा

नमस्कार मंडळी! परशुराम घाट चढताना इंजिन एकदम बंद पडलं. सेल्फ मारला तर इंजिन नेहमीपेक्षा हलकं, भराभर फिरतं, पण पकडत नाही. १.५ डिझेल डस्टर किंवा जुनी २.५ इनोव्हा, अशी बेल्टवाली गाडी असेल तर लगेच चावी काढा. टायमिंग बेल्ट तुटल्यानं कॅम (व्हॉल्व्ह उघडझाप करणारा दांडा) थांबलाय, काही व्हॉल्व्ह उघडेच राहिलेत. प्रत्येक सेल्फला पिस्टन त्यांच्यावर आदळतो. धक्का स्टार्टही नको. घाटात दोरीनं ओढू नका, इंजिन बंद असताना ब्रेक आणि स्टेअरिंग जड होतं. क्रेनच बोलवा.

गॅरेजमध्ये ऐकायला मिळतं, "नवीन बेल्ट टाकून बघू, चालली तर चालली." हे मान्य करू नका. जरासा वाकलेला व्हॉल्व्ह घेऊनही इंजिन सुरू होतं. पुढे त्याचं डोकं तुटून पडलं की पिस्टनसकट सगळं संपतं.

(क्लोज-अप: क्रँक पुलीवर पाना)

नवा बेल्ट खुणा जुळवून बसवा आणि क्रँक (पिस्टन ज्याला जोडलेले असतात तो मुख्य दांडा) पान्यानं, हातानं, पूर्ण दोन फेरे फिरवा. अडलं तर जोर लावू नका. मग एकेक सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर (पिस्टन सगळ्यात वर, व्हॉल्व्ह बंद) आणून, क्रँक धरून, आत कॉम्प्रेसरची हवा सोडा. इनटेकमधून फुसफुस आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट. ऑइलच्या झाकणातून जोरात आली तर रिंग किंवा पिस्टन.

पेट्रोलमध्ये व्हॉल्व्ह तिरके, म्हणून वाकतात. डिझेलमध्ये ते बहुधा उभे असतात, मार सरळ बसतो. म्हणून रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारी पट्टी), कॅम आणि गाइडही (व्हॉल्व्ह ज्यात सरकतो ती नळी) तपासा.

हवा गळत असेल तर हेड (व्हॉल्व्ह असलेला इंजिनचा वरचा भाग) काढावं लागेल. ते इंजिन थंड असतानाच उतरवा, बोल्ट बाहेरून मध्याकडे, थोडे थोडे सैल करत. व्हॉल्व्ह व्ही-ब्लॉकवर (व्ही आकाराच्या खाचेचा आधार) फिरवून डायल गेज (बारीक वाक दाखवणारं मापक) लावा, नुसत्या नजरेवर जाऊ नका. नवे व्हॉल्व्ह लॅप केल्यावर, म्हणजे सीटवर घासून बसवल्यावर, हेड उलटं ठेवून चेंबरमध्ये रॉकेल भरा. पोर्टमधून झिरपलं तर सीट पुन्हा करा. चारही पिस्टनची टीडीसीवरची उंची मोजा. एखादा खाली राहिला तर कनेक्टिंग रॉड वाकलाय.

आता सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. ब्लॉकमधली बोल्टची भोकं हवेनं पूर्ण कोरडी करा. तळाशी पाणी किंवा ऑइल राहिलं, तर बोल्ट आवळताना दाबानं ब्लॉकला तडा जातो. हेडचे बोल्ट आणि गॅस्केट नवे, टॉर्क मॅन्युअलप्रमाणे. बऱ्याच डिझेलची गॅस्केट वेगवेगळ्या जाडीत येते, तिच्या कडेच्या खाचा बघून जुळवा.

बेल्टसोबत टेन्शनर (बेल्ट ताणणारी पुली), आयडलर (बेल्टला वाट देणारी पुली), वॉटर पंप, कॅम आणि क्रँकचे सील बदला. पण तुटला कशानं, हे शोधल्याशिवाय कव्हर लावू नका. पंप गळत होता? सीलमधून ऑइल येत होतं? डस्टरमध्ये बाहेरच्या (अल्टरनेटर-एसीच्या) बेल्टचे धागे सुटून आत गुंततात, तोही बघा. आपल्याकडे पावसात खालच्या फुटक्या कव्हरमधून तांबडी माती आणि खडी आत जाते. कव्हरचा एकही स्क्रू कमी ठेवू नका.

गणपती-शिमग्यालाच बाहेर निघणारी गावची गाडी असेल, तर किलोमीटर कमी म्हणून थांबू नका. रबर वर्षांनीही म्हातारं होतं. मॅन्युअलमध्ये वर्षं आणि किलोमीटर दोन्ही दिलेले असतील, तर आधी जे भरेल ते धरा, आणि बदलल्याची तारीख कव्हरवर मार्करनं लिहून ठेवा.