पावागडचं रान, आजव्याचं पाणी

(दृश्य: आजव्याचा बांध, भरलेला तलाव, मागे धूसर पावागड)

पावसाळा लागला की दांडिया बाजार असो की रावपुरा, बडोद्यात एकच चौकशी चालते: आजवा किती फुटांवर? 211 की 212? उन्हाळ्यात हीच चौकशी नळाच्या काळजीने होते, श्रावणात पुराच्या. सयाजीराव महाराजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधून घेतलेला हा तलाव आजही शहराला पाणी पुरवतो. त्याच्या वरच्या अंगाला पावागड, म्हणजे विश्वामित्री नदीचं उगमस्थान.

मग कोणी ना कोणी म्हणतंच, गडावर झाडं लावा, पाणी वाढेल.

वाढेलच असं नाही. झाड पाणी पितं, आणि पानांवाटे हवेत सोडतं. उटीजवळ शेजारशेजारच्या दोन पाणलोटांत हे मोजून पाहिलं गेलं. एकात गवत राहू दिलं, दुसऱ्यात ब्लू गम, म्हणजे निलगिरीची झाडं लावली. पहिल्या दहा वर्षांत ब्लू गमखालून येणारं पाणी सरासरी 16 टक्क्यांनी घटलं. दक्षिण आफ्रिकेत तर 1995 पासून परदेशी झाडं तोडून नद्यांना पाणी मोकळं करण्याची सरकारी मोहीम आहे.

(दृश्य: संगणकावर डोंगराचा नकाशा, रंगीत तुकडे)

प्रत्येक डोंगरावर असे प्रयोग करायला पिढ्या जातील. म्हणून मॉडेल. डोंगराचे तुकडे पाडायचे; प्रत्येकाचा उतार, माती आणि वर काय उगवलंय ते भरायचं. मग पाऊस पाडायचा, अर्थात आकड्यांचा. किती पानांवर अडला, किती मुरला, किती मुळांनी ओढला, किती ओहोळाला लागला, याचा रोजचा हिशोब.

यातली एक जुनी आणि सोपी रीत अमेरिकेच्या मृदा संवर्धन खात्याची, कर्व्ह नंबरची. जमिनीला एक आकडा द्यायचा; आकडा जितका मोठा, तितकं पाणी जास्त वाहून जातं. समजा माती पाणी सावकाश मुरू देणारी आहे. राखलेल्या रानाचा आकडा 70, गुरांनी खरवडलेल्या माळाचा 86. एका दिवसात 100 मिलिमीटर पाऊस झाला, तर माळावरून 63 मिलिमीटर वाहून जातं आणि रानातून 33. जवळजवळ निम्मं!

आता 31 जुलै 2019 आठवा. बडोद्यात दिवसभरात सुमारे 500 मिलिमीटर कोसळला. तोच पाऊस सूत्रात घातला, तर माळावरून 454 आणि रानातून 390. फरक उरतो सातव्या हिश्श्याचा. माती एकदा तुडुंब झाली की वर साग आहे की कुसळं, पाण्याला फारसं देणंघेणं नसतं. तसा पूर रान थोपवेल, ही आशा नको.

(दृश्य: उतारावरचं गवत, मुळांना धरून राहिलेली माती)

तिसरा आकडा मात्र फार कोणी विचारत नाही. चराई बंद करून राखलेल्या गवताचा, 71. शंभर मिलिमीटरच्या पावसात त्यावरून 34 वाहतं. रानाच्या 33 पासून फार लांब नाही. शिवाय गवताची मुळं उथळ, पावसाळा सरला की ते वाळतं, खोलवरचं पाणी ओढत नाही. माती धरून ठेवतं, म्हणजे तलावात गाळही कमी.

अर्थात हे पुस्तकी आकडे. पावागडच्या मातीवर ते पारखायला गडावरचाच पर्जन्यमापक हवा. शहरातला पाऊस गडाला लावला की चूक तिथेच शिरते. ओढ्याच्या प्रवाहाच्या नोंदीही हव्यात. काही वर्षांच्या नोंदींवर मॉडेल बसवायचं, उरलेल्या वर्षांवर तपासायचं.

मग वर राखीव गवत, ओहोळांच्या काठाने खैर, धावडा, बांबू आणि मधे विरळ रान. किंवा सगळीकडे दाट साग. किंवा आहे तसंच. असे वेगवेगळे नकाशे घालून जून ते मे, महिन्यामहिन्याला आजव्यात किती पाणी उतरतं ते काढावं. रोपांची ऑर्डर त्यानंतर.