हाड बसवणारे हात

सरकारी रुग्णालयातली ही प्लास्टर रूम. टेबलावर सत्तरीच्या आजी. अंगणात पाय घसरला, सावरायला हात टेकला आणि मनगट मोडलं. बाजूनं पाहा, जेवायच्या काट्याला असतो तसा बाक आलाय. या मोडीला कोलेस फ्रॅक्चर म्हणतात. डब्लिनचे सर्जन अब्राहम कोलेस यांनी १८१४ साली तिचं वर्णन केलं. क्ष-किरण सापडले १८९५ साली. म्हणजे आतलं काही दिसत नसताना, नुसतं चाचपून त्यांनी हे ओळखलं होतं.

आधी भूल, तीही मोडलेल्या जागेपुरती. सुई मनगटाच्या मागच्या बाजूनं फटीत जाते. डॉक्टर दट्ट्या मागे ओढतात. सिरिंजमध्ये काळपट रक्त आलं, म्हणजे सुई जागेवर आहे. लिग्नोकेन हे भुलीचं औषध आत सोडलं, आता थांबायचं. गर्दीच्या दिवशी हीच मिनिटं कापली गेली, तर रुग्णाचे हाल होतात.

आता दोघं लागतात. वॉर्डबॉय मामांनी आजींचं कोपर काटकोनात ठेवून दंड घट्ट धरलाय. डॉक्टर अंगठा आणि बोटं धरून ओढताहेत. यात हिसका नाही. एकसारखा ताण, काही मिनिटं. आवळून बसलेले स्नायू दमतात, एकमेकांत रुतलेली टोकं मोकळी होतात.

डॉक्टरांचे अंगठे पाहा. हाड सरळ करायचंय, पण ते आधी आणखी मागे वाकवतात. मोडीच्या मागच्या बाजूला हाडावरचं आवरण बहुधा शाबूत असतं. वाकवलं की ते सैल पडतं आणि अडकलेली कड सुटते. लगेच दोन्ही अंगठ्यांनी तुकडा तळहाताच्या बाजूला दाबायचा. बोटांखाली खरखर जाणवते. बाक गेला. टाका नाही, चिरा नाही.

ओढणं, दाबणं, जुळवणं, बांधणं. सुश्रुतसंहितेत हाच क्रम आहे: आंछन, पीडन, संक्षेप, बंधन. बांधायला वड, पिंपळ, उंबर, पळस यांच्या साली. पट्टी थंडीत दर सात दिवसांनी सोडून पुन्हा बांधायची, उन्हाळ्यात दर तीन. सैल बांधलं तर सांधा स्थिर राहत नाही, आवळून बांधलं तर सूज, ठणका आणि पू, असंही तिथं स्पष्ट लिहिलंय. बांबूच्या कामट्या करकचून बांधून हात काळे-निळे करून आणणाऱ्यांनी परंपरेचं नाव घेण्याआधी एवढं तरी वाचावं.

प्लास्टर ऑफ पॅरिसची पट्टी पाण्यात. बुडबुडे थांबले की बाहेर. आज अर्धंच प्लास्टर, म्हणजे स्लॅब, कारण सुजेला वाव हवा. गुंडाळणं कुणालाही जमेल. खरं कसब पुढे आहे. प्लास्टर गरम होत घट्ट होईपर्यंत डॉक्टरांचे तळवे तीन ठिकाणी दाब धरून राहतात. तो दाबच आतलं हाड जागेवर ठेवतो. हे हात तयार व्हायला वर्षं जातात, आणि शिकाऊ डॉक्टरांना ते याच टेबलाशी उभं राहून शिकावं लागतं. प्लास्टर रूम कोपऱ्यात ढकलून चालणार नाही.

हा नंतरचा एक्स-रे. रेघ जुळली आहे.

“ऑपरेशन नाही म्हणजे इलाज नाही,” असं नातेवाईक म्हणतात. तसं नाही. पासष्टीपुढच्या रुग्णांचा हात वर्षभरानंतर ऑपरेशन केलेल्यांच्या बरोबरीनं चालतो, असं अनेक अभ्यासांत दिसलंय. काही वेळा हाड पुन्हा सरकतं आणि तार किंवा प्लेट घालावी लागते. म्हणून आठवड्यानं परत एक्स-रे. बोटं बधिर झाली, निळी पडली, ठणका वाढला तर त्याच रात्री परत यायचं.

प्लास्टर साधारण सहा आठवडे. बोटं आणि खांदा मात्र आजपासून हलवायचे. आजी मूठ वळून दाखवताहेत. डॉक्टर म्हणतात, “अजून घट्ट, आजी. दर तासाला.”